ताकतीची सुई

बाबांना माझ्याशी बोलायला एकच शब्द पुरायचा. "ऊठ." सकाळी अंथरुणात असलो की ऊठ, जेवून भिंतीला टेकलो की ऊठ, धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर दोन मिनिटं बूड टेकवलं की ऊठ. आमच्याकडे आळशी माणसाला कोढी म्हणतात. पंचविशीला पोचेपर्यंत गावात माझी तीच ओळख होती. चांगल्या घरचा, शिकलेला, पण कोढी.

खरं सांगायचं तर मला बसायचं कधीच नव्हतं. अंग बसायचं. मन मात्र भिंगरीसारखं फिरत असायचं आणि त्यामुळे माझी सगळ्यांवर चिडचिड व्हायची. आमच्या शेतावरून बिरसीच्या पायलट शाळेची छोटी विमानं दिवसभर घिरट्या घालतात. उठतात, गोल फिरतात, परत तिथेच उतरतात. रोवणीच्या दिवसांत चिखलात पाय रोवून मी वर बघायचो आणि मला त्या विमानांचाही राग यायचा.

थकव्याचं मी समजू शकलो असतो. पण दाढी हनुवटीवर चार केस उगवून थांबली होती. मित्र पानठेल्यावर चावट गप्पा मारायचे तेव्हा मी मोठ्यानं हसायचो, आणि मला आतून ठाऊक होतं की ते ज्या ओढीबद्दल बोलतात ती माझ्यात जवळजवळ नाहीच. हे कोणाला सांगणार? मायला वाटायचं नजर लागली. मामानं चिचगडच्या जंगलातली मुसळी आणून दिली, दुधातून घे म्हणाला. मी इमानदारीनं घेतली. पोट तेवढं बिघडलं.

शेवटी मोबाईलवर शोधून शोधून मी एका शब्दाशी येऊन थांबलो. टेस्टोस्टेरॉन. पुरुषाच्या अंगात असतं, कमी पडलं की असं असं होतं. यादीतलं सगळं मला लागू होतं. पण मोबाईल माणसाला रात्रीत कॅन्सरही करून दाखवतो, तेव्हा डॉक्टर गाठणं भाग होतं.

गोंदियात बाजाराच्या मागच्या गल्लीत पुरुषांच्या गुप्त तक्रारींचा एक दवाखाना होता. मी तोंडाला दुपट्टा बांधून गेलो. आत बसलेले सगळेच दुपट्टेवाले होते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं, सगळे कॅलेंडरमधला देव बघत होते. मला एका जागी बसवेना. उठायचो, दारापर्यंत जायचो, परत यायचो. तेवढ्यात शेजारच्यानं दुपट्टा जरा खाली केला आणि मी थिजलो. आमच्या नात्यातले, गोरेगावकडचे एक काका.

"तू कायले आला बापा?" त्यांनी विचारलं.

"खोकला आहे," मी म्हणालो. "तुमी?"

"मले बी खोकलाच आहे."

आम्ही दोघंही एकेकदा खोकलो आणि पुन्हा देवाकडे बघू लागलो. त्यानंतर कुठल्याही लग्नात ते भेटले की "खोकला कसा आहे?" एवढंच विचारतात.

डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. बाजाराच्या निमित्तानं घरातून निघालेलो, पोटात भजी आणि चहा, दुपार कलायला आलेली. तसंच रक्त दिलं. आकडा आला आणि डॉक्टर म्हणाले, "अरे भाई, तेरी उमर में इतना कम? टेन्शन मत ले. ताकत की सुई लगती है, घोडा बन जाएगा."

माझी प्रतिक्रिया कोणाला विचित्र वाटेल. मला आनंद झाला. बाहेर येऊन रडू फुटेल की काय असं झालं. मी कोढी नव्हतो, मी आजारी होतो. गावभर पेढे वाटावेत एवढी ही बातमी, आणि ती सांगता येईल असा एकही माणूस मला नव्हता. घरी म्हणालो, रक्त कमी आहे, सुया घ्याव्या लागतील. माय पालक करू लागली.

सुया सुरू झाल्या आणि मी बदललो. आधी भूक वाढली. मग पाठीवर पुटकुळ्या आल्या, मिशी दिसू लागली, आणि मित्र पानठेल्यावर जे बोलायचे ते मला पहिल्यांदा कळलं. पहाटे बाबांच्या आधी उठून मी शेतावर जाऊ लागलो. लवकर पिकणारा हलका धान कापायला आला तेव्हा मजुरांच्या पुढे विळा घेऊन धावायचो. बाबा लोकांना सांगायचे, "पोट्टा सुधरला." मला वाटायचं, सुधरला काय सुधरला, मी काही बिघडलो नव्हतो. भांडायची खुमखुमीही त्याच सुईतून आली असावी. ट्रॅक्टरवाल्याशी, वायरमनशी, बैलाशीसुद्धा मी भांडलो.

दिवाळी आली. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. दुकानं लागतात, पाळणे येतात, दंडारीची नाचगाणी होतात, आणि घरोघर इतके पाहुणे उतरतात की सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, लाटता लाटता बायकांचे हात गळून येतात. मंडईत माणसं खेळणी बघतात असं लेकरांना वाटतं. मोठी माणसं पोरं-पोरी बघतात. कोणाचा पोरगा कसा चालतो, कसा बोलतो, पाहुण्यांचं कसं करतो, हे पानाच्या दुकानापाशी उभं राहून पारखलं जातं आणि पुढच्या हंगामातली लग्नं तिथेच जुळतात.

त्या वर्षी आमच्या मंडईत मी काय केलं नाही? पाण्याच्या कोठ्या वाहिल्या, मंडपाचे बांबू रोवले, आणि दंडारीत नाच्यांसोबत शिरून असा नाचलो की म्हाताऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. गोरेगाव भागातून आलेले एक पाहुणे पान चघळत हे सगळं बघत होते. सोबत त्यांची बायको आणि मुलगी. घरात पाहुण्यांना पाणी देताना मी मुलगी पाहिली. तिनंही मला पाहिलं, बारकाईनं, हसली मात्र नाही. दुसऱ्याच दिवशी निरोप आला. पोरगा तरतरीत आहे, पसंत आहे. आता आमच्या गावच्या मंडईले या, लग्नाआधीच्या साक्षगंधाची तारीख तिथंच काढू.

बाबांनी त्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पहिल्यांदाच त्यांच्या पसंतीस उतरलो होतो. मला मुलगी आवडली होती, आणि बाबांचा तो हात त्याहून जास्त आवडला होता.

पुढच्या सुईची वेळ आली तर गल्लीतला दवाखाना बंद. डॉक्टर गावाला गेलेले. सुईची बाटली घेऊन मी दुसऱ्या दवाखान्यात गेलो. तिथे एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बाटली वाचली, मला वाचलं आणि विचारलं, "लग्न झालं का?"

"जुळलं आहे."

"लेकरं पाहिजेत?"

मी हो म्हणालो. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "मंग हे कोणं सांगितलं तुले? हे मी देत नाही. नागपूरला जा, हार्मोनवाल्या डॉक्टरकडे."

नागपूरचे डॉक्टर शांत होते, आणि त्यांच्या शांतपणानं माझा जीव आणखी वरखाली होत होता. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "रक्त सकाळी उपाशीपोटी दिलं होतं का?" मी भज्यांचं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, दिवस चढतो तसं उतरतं, म्हणून एका दुपारच्या आकड्यावर कोणाला सुया सुरू करत नाहीत. दोनदा बघतात, सकाळी. आणि कमी असलंच तर का कमी आहे ते आधी शोधतात. मग त्यांनी समजावलं की बाहेरून मिळू लागलं की अंग आपलं बनवणं बंद करतं आणि सोबत बीजही बनेनासं होतं. मला पटकन कळलं. बांधीत नहराचं पाणी आलं की विहिरीची मोटर कोण चालवतो?

"मग आता माझं काय?" मी विचारलं.

"आता काहीच सांगता येत नाही. सुयांनी सगळं झाकून टाकलंय. त्या थांबवा. काही महिने जाऊ द्या. मग सकाळचं रक्त, गरज पडली तर डोक्याचा फोटो. मेंदूतली एक ग्रंथी हुकूम देते, ती कमी पडत असेल तर वेगळ्या सुया आहेत, त्यांनी मुलंही होऊ शकतात. पण आज मी शब्द देणार नाही."

काही महिने! मला खुर्चीत दोन मिनिटं बसवत नव्हतं. परतीच्या गाडीत मी दारात उभा राहून आलो. डोक्यात एकच हिशेब चालू होता. लपवून सुया चालू ठेवल्या तर तरतरीत नवरदेव होईन आणि पुढे पाळणा हलणार नाही, मग गाव त्या मुलीलाच बोल लावेल. सुया सोडल्या तर पुन्हा कोढी होईन, आणि मुलगी तर तरतरीत पोराला दिली होती.

मी सुया सोडल्या. धीर म्हणून नाही, भीतीनं. काही दिवसांतच अंग उतरू लागलं, आधीपेक्षाही वाईट. सकाळी डोळे उघडायचे आणि हात उचलायचा नाही. चिडचिड तेवढी शिल्लक राहिली. अंगणातून आवाज आला, "ऊठ." मधल्या काळात मी तो विसरलो होतो.

तिच्या गावची मंडई अशा अवस्थेत आली. बाबांनी नवा शर्ट घातला, मी मोटरसायकल चालवली आणि पोचेपर्यंत घामाघूम झालो. जेवणं झाली. पंगतीत कोणी म्हणालं, जावई आज दंडारीत नाचणार म्हणते. सगळे हसले. मग तिची काकू म्हणाली, पोरांना जरा मंडई फिरून येऊ द्या. आमच्याकडे लग्नाआधी दोघांना बोलायला मिळतं ते असंच, भर गर्दीत, पाठीमागे दोन चुलत बहिणींचा पहारा घेऊन.

पाळण्यापर्यंत चाललो आणि माझ्या पायांनी सांगितलं, आता नाही. मी पाळण्याच्या कठड्यावर बसलो. ती उभीच होती.

"बरं नाही काय?" तिनं विचारलं.

मी सांगून टाकलं. पाळणा करकरत होता, पहारेकरणी बांगड्यांच्या दुकानात अडकल्या होत्या. दाढीपासून नागपूरपर्यंत सगळं सांगितलं. त्या दिवशी नाचत होतो तो मी नव्हतो, सुई होती, असंही म्हणालो. लाजेनं माझे कान तापले होते. तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"लेकरं होतीन का?"

"होऊ शकते म्हणते डॉक्टर. शब्द देत नाही."

"घरी सांगतलं?"

"नाही."

"काऊन?"

मी खाली बघत चपलेनं माती उकरली. ती म्हणाली, "तारीख आज निघून राहिली. तुमच्या बाबाले तुमी सांगा. मी नाही सांगत." आणि वळून चालू लागली. संपलं, मला वाटलं. तिच्या मागून तिच्या घरापर्यंत चालताना मला पळून जावंसं वाटत होतं आणि पळण्याइतकं बळ नव्हतं.

पडवीत दोन्हीकडचे बाप, मामा, काका बसले होते. समोर पानाचं ताट. पंचांग उघडलेलं. बाबा रंगात येऊन सांगत होते, "आमचा पोरगा म्हणजे, चार माणसाचं काम एकटा..."

"बाबा," मी म्हणालो, "मले आजार आहे."

आणि उभ्यानंच सगळं बोललो. मंडईत गाळला नसेल इतका घाम त्या पडवीत गाळला. सुईचं सांगितलं, थकव्याचं सांगितलं, लेकरांचंही सांगितलं. तिच्या वडिलांनी पंचांग मिटलं. "हे पयले सांगाले पाहिजे होतं," ते म्हणाले. रागानं नाही, पण दार लावल्यासारखं. "असं असन तर..."

"बाबा, थांबा."

ती आतल्या दाराच्या चौकटीत उभी होती. हातात पाण्याचा तांब्या. मोठ्यांच्या बैठकीत मुलीनं बोलायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून सगळे तिच्याकडे नुसते बघत राहिले.

"त्या दिवशी आपण याहिच्या मंडईतून आलो, तवा मी तुमाले काय म्हटलं होतं?"

तिच्या वडिलांनी पानाचं ताट उगाच बाजूला सरकवलं.

"पोरगा पसंत नाही म्हटलं होतं. उगाच उड्या मारून राहिला होता. तुमी आयकलं नाही." तिनं तांब्या खाली ठेवला. "आता पसंत आहे. तारीख मंग काढा, नागपूरचं झाल्यावर. पण नाही म्हणू नोका."

ती आत गेली. मी अजून उभाच होतो. मी बाबांकडे बघायचं टाळत होतो. आता सगळ्यांसमोर ते काय म्हणतील, घरी गेल्यावर काय म्हणतील, सुयांबद्दल, खोटेपणाबद्दल, इतक्या वर्षांच्या कोढीपणाबद्दल.

बाबा आपल्या जागेवरून सरकले. सतरंजीवर शेजारी हात फिरवून त्यांनी जागा केली.

"बस," ते म्हणाले.