अमावास्येला चाललेली गिरणी

बाबुरावनं मला फसवलं. माझ्या गिरणीची वीज चोरून शेजारचं स्वतःचं वेल्डिंगचं दुकान चालवलं, आणि वर आष्टीभर मलाच वीजचोर म्हणत फिरला. वाढीव बिलासाठी मी विजेच्या ऑफिसात भांडायचो, तर हा टपरीवर सांगायचा, "चोरी करतो, म्हणून तर इतका वरडतो."

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. दुसऱ्याच्या गिरणीत पोती उचलून मी वर आलोय. काट्यावर जे येत नाही, ते मी मानत नाही.

गावात स्मार्ट मीटर आले तेव्हा सगळ्यांत जास्त बोंब बाबुरावची. मी मात्र मीटरवाल्यांना गाठलं. "पहिलं माझ्याकडं बसवा. पण आत न्हाई, बाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसंल असं." घासाघीस करून पाहिजे तिथं बसवून घेतलं. आता कोणत्या तासाला किती वीज गेली, ते मोबाईलवर दिसायचं.

अमावास्येला आमची गिरणी बंद असते. जात्यापुढे नारळ फोडायचा, मेन स्विच पाडायचा, कुलूप लावायचं. त्या अमावास्येला मी आणि सुमन, माझी बायको, जालन्याला मस्तगडात बहिणीकडं गेल्तो. दुपारी जेवताना सहज मोबाईल पाहिला... रेषा सरळ वर गेलेली. अख्खी गिरणी चालावी तितकी.

"सुमन, आपली गिरणी चालून राह्यली."

"किल्ली तुमच्या खिशात हाये. गुमान जेवा."

मी ताटावरून उठलो. वायरमनला फोन करून गावी पोचलो. गिरणीला कुलूप, बाबुरावच्या दुकानालाही कुलूप. तो मात्र बाहेर उभा, हसत. "आता भूतानं चोरली म्हन."

माझ्या सांगण्यावरून वायरमननं गिरणी आणि त्याच्या दुकानामधल्या भिंतीचं प्लास्टर खरवडलं – आणि आतून वायर निघाली. माझ्या मीटरपासून थेट बाबुरावच्या दुकानात. तोवर गाव जमलं होतं.

"बोल, चोर कोण?"

"मी."

"मागच्यांना ऐकू न्हाई आलं."

"मीच, भाऊ."

इतकं गोड वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मंग वायरमन माझ्या कानाशी आला. "शेठ, ही वायर मधी तोडलेली हाये. हिच्यातून आज काहीच गेलं न्हाई."

"मीटर बसलं त्याच दिवशी भिऊन तोडली," बाबुराव खाली मान घालून म्हणाला.

मी कुलूप उघडलं. मेन स्विच पाडलेलाच. नारळाची शकलं जागच्या जागी. जात्याला हात लावला... गरम. नुकतंच कोणाचं तरी दळण काढल्यासारखं.

आज गाव मला मान देतं, बाबुराव रस्ता बदलतो. मी जिंकलो, यात वाद नाही. पण ऑफिसवाले म्हणतात, मीटर त्या दिवशी चुकलं असेल. मंग तेच मीटर अजून माझ्या भिंतीवर का? त्याआधी नाही, त्यानंतर नाही, त्याच दुपारी चुकलं? आणि जातं, तेही चुकलं का?

साहेब, मीटर तुमच्या ऑफिसचं, वीज तुमची. त्या दुपारी माझी बंद गिरणी कोणी चालवली, ते तुम्हीच सांगा. तोंडी नको. लेखी द्या.