माझ्याकडे, तुमच्याकडे

सुलभाला डावं-उजवं कळत नसे. हे वाक्य वाचून कुणी हसेल तर हसू द्या, घरचेही हसत आलेत. बाई सिंगापुरात तोआ पायोहच्या प्लेग्रुपमध्ये शिकवते, भिशीच्या मैत्रिणींचे वाढदिवस तिला तोंडपाठ, सेरंगून रोडवर कोणत्या दुकानात कोवळी गवार मिळते ते ती झोपेत सांगेल. पण "उजवीकडे बघ" म्हटलं की ती आधी स्वतःच्या हातांकडे बघणार.

त्याला कारण होतं. सुलभा मुळातली डावरी. लहानपणी डाव्या हाताने घास उचलला की आई हातावर चापट मारायची, आणि प्रसादाला डावा हात पुढे आला की सगळी आळी ओरडायची. त्यामुळे तिचा एक हात आपला होता आणि दुसरा जेवायचा. उजवा म्हणजे जेवायचा, हे तिला पाठ होतं. पण तो नेमका कुठला हे आठवण्यासाठी तिला मनातल्या मनात एक चापट खावी लागे, आणि तोवर वळण मागे पडलेलं असे.

म्हणून लग्नानंतर तिने नवऱ्यासाठी सोपी भाषा काढली. शामकांत गाडी चालवत असले आणि ही शेजारी बसलेली असली की ती म्हणायची, "माझ्याकडे घ्या," नाहीतर "तुमच्याकडे घ्या." शामकांत जहाजावर चीफ इंजिनियर. ते सुट्टीवर आले की मित्र हसायचे, "काय चीफ, बायकोकडे वळलात का?" शामकांतही हसायचे आणि वळायचे.

सिंगापूरला आल्यावर गाडीचा प्रश्नच मिटला. इथे गाडी ठेवण्यापेक्षा हत्ती पाळणं परवडतं. बस, एमआरटीची मेट्रो आणि दोन पाय यांवर त्यांचं सगळं भागे. वर्षातून एखाद्या वेळी निशिकांत, शामकांतचा जुना जहाजी मित्र, आपल्या गाडीतून त्यांना पूल ओलांडून मलेशियात जेवायला न्यायचा. तेव्हाच काय तो सुलभाच्या भाषेला गंज चढायचा थांबे.

मग मुलगी जाई नोकरीसाठी न्यू जर्सीला गेली, आणि निवृत्तीनंतर शामकांतना खूळ लागलं. अमेरिका भाड्याच्या गाडीने आडवी ओलांडायची, या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत. एका दमात नाही हं. दर खेपेला जिथवर गेलो तिथे गाडी परत करायची, आणि पुढच्या खेपेला तिथूनच नवी घ्यायची. सुलभाने विचारलं, "अहो, जन्म समुद्रात काढलात, अजून समुद्र बघायला एवढं फिरायचं?"

"मी कुठे बघितलाय समुद्र?" शामकांत म्हणाले. "मी इंजिनरूममध्ये होतो. बघितला तो वरच्या लोकांनी."

पहिल्या खेपेचा पहिला गोंधळ काउंटरवरच झाला. तिथल्या पोरीने हसून विचारलं, गॅस भरून परत करणार का? सुलभाला त्यातलं गॅस तेवढं कळलं आणि ती शामकांतकडे वळली. "अहो, निघताना गॅस बंद केला होता ना?" शामकांतनाही खात्री देता येईना. दोघं काउंटर सोडून बाजूला झाली, शेजारणीला सिंगापुरात झोपेतून उठवलं, तिने जादा किल्लीने दार उघडून शेगडी बघितली, आणि मग कुणीतरी समजावलं की इथे पेट्रोलला गॅस म्हणतात. मागच्या रांगेतली माणसं एव्हाना दुसऱ्या काउंटरवर गेली होती.

दुसरा गोंधळ गाडीचा. ठरवली होती छोटी गाडी, कागदावर तिच्या नावापुढे 'किंवा तत्सम' असं इंग्रजीत लिहिलेलं. तत्सम म्हणून जे मिळालं त्यात चढायला सुलभाला शिडी लागली असती. हँडब्रेक हाताशी नव्हताच. तो पायाशी निघाला आणि हे कळायला त्यांना अर्धा पार्किंग लॉट ब्रेक लागलेल्या गाडीतून सरपटावं लागलं.

तिसरा गोंधळ मात्र फक्त सिंगापूरकरांनाच सुचू शकतो. इथली गाडी मलेशियात न्यायची तर टाकी पाऊण भरलेली लागते, नाहीतर पोलीस माघारी पाठवतात. निशिकांतमुळे हे शामकांतच्या हाडीमाशी भिनलेलं. त्यामुळे पेनसिल्वेनिया संपून ओहायो येणार म्हटल्यावर ते अलीकडे थांबले, टाकी गळ्यापर्यंत भरली, आणि सुलभा दोन्ही पासपोर्ट उघडून मांडीवर घेऊन बसली. ओहायो आलं. एक निळी पाटी आली आणि गेली. ना शिपाई, ना खिडकी, ना शिक्का. "चुकून चोरवाटेने तर नाही ना आलो?" सुलभाने विचारलं. जाई फोनवर इतकी हसली की तिला बोलता येईना.

पण याच खेपेला एक गोष्ट घडली आणि तिच्यावर कुणी हसलं नाही. एका गावातून बाहेर पडताना शामकांत सवयीने डाव्या बाजूला शिरले. समोरून ट्रक. "राइट, राइट" असं काही ओरडणं सुलभाला शक्यच नव्हतं. ती ओरडली, "अहो माझ्याकडे! माझ्याकडे!" आणि शामकांतनी विचार न करता गाडी बायकोकडे ओढली. ट्रक भोंगा वाजवत निघून गेला.

गाडी बाजूला लावून ते बराच वेळ काचेवर बोटाने काहीतरी काढत बसले. मग म्हणाले, "सुलभा, तुझी भाषा बरोबर आहे. आपल्याकडे ड्रायव्हर उजवा, इथे डावा. सगळं उलटं झालं, पण शेजारचा माणूस दोन्हीकडे फुटपाथच्या अंगालाच बसतो. माझ्याकडे म्हणजे कड आणि तुमच्याकडे म्हणजे समोरची गाडी. जगात कुठेही जा." सुलभाला यातलं निम्मंच कळलं. पण इतकी वर्षं ज्याला लोक वेंधळेपणा म्हणत होते त्यात काही अर्थ होता, याचं तिला फार बरं वाटलं.

अशा तीन खेपा झाल्या. शिकागो झालं, डेन्व्हर झालं, सॉल्ट लेक आलं. घरी हॉलमध्ये लावलेल्या अमेरिकेच्या नकाशावर पॅसिफिकपर्यंत वीतभर जागा उरली. आणि तिसऱ्या खेपेच्या शेवटी, गाडी परत करताना, शामकांतनी एक लाल खांब पाडला. खांब लपलेला वगैरे नव्हता, चांगला बाजूलाच उभा होता.

सिंगापूरला परतल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं गेलंय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी धरून ठेवायचा प्रयत्न करू. गाडी मात्र आता नाही. बाजूचं बघायचं तर सगळी मान वळवायची सवय करा.

घरी येऊन शामकांतनी नकाशाकडे बघितलंही नाही. "राहू दे तो तुकडा," म्हणाले. "विमानातून बघू." त्यांच्या आवाजात काही नव्हतं, आणि तेच सुलभाला सहन झालं नाही. हा माणूस बॉयलर फुटायच्या गोष्टीसुद्धा हसत सांगायचा. उरलेली नजर किती दिवस टिकेल ते डॉक्टरला माहीत नव्हतं, हिला तर नव्हतंच. जायचं तर नजर आहे तोवरच जायला हवं होतं. दोन दिवस तिने स्वयंपाकात मीठ दोनदा घातलं आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "मी शिकते गाडी."

जाईने फोनवर तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, "आई, आर यू शुअर? यू कॅनॉट इव्हन टेल लेफ्ट फ्रॉम राइट, लाह."

"तुझे बाबा सांगतील," सुलभा म्हणाली. ते कसं सांगणार याचा तिने विचार केला नव्हता.

रहमान नावाचा इन्स्ट्रक्टर शांत माणूस होता, पण त्यालाही मर्यादा होती. तो लेफ्ट म्हणाला की सुलभा राइटचा दिवा लावायची, आणि राइट म्हणाला की वायपर. "आंटी, युअर अदर लेफ्ट, लाह!" तो कळवळून म्हणायचा. पहिल्या परीक्षेत ती पहिल्याच चौकात उलटी वळली. दुसऱ्या वेळी वळलीच नाही, विचार करत हिरव्या दिव्यात उभी राहिली आणि मागे बसची रांग लागली. प्लेग्रुपमधली पोरं बूट चढवताना म्हणायची, "टीचर, धिस वन इज द राइट!" आणि ती त्यांच्याकडे खऱ्या हेव्याने बघायची.

खरी पंचाईत तिलाही नीट सांगता येत नव्हती. आजवर 'माझ्याकडे' म्हणजे कड होती. आता ती स्वतःच दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसली होती, आणि माझ्याकडे म्हणावं तर समोरची गाडी! तिची एकुलती एक भाषासुद्धा तिच्यावर उलटली होती.

शामकांतनी हॉलमध्ये जेवणाच्या दोन खुर्च्या शेजारी मांडल्या आणि तिच्या हातात स्टीलचं ताट दिलं. "हे स्टिअरिंग. चल. उजवीकडे."

ताट डावीकडे फिरलं.

"उजवीकडे म्हटलं मी."

"मग तेच केलं ना!"

"अगं, जेवायचा हात!"

"ताट हातात आहे हो, जेवण कुठाय?" सुलभा ओरडली आणि ताट खाली आदळलं. "माझ्याच्याने होणार नाही. लहानपणी एका हाताने मार खाल्ला, आता दुसऱ्याने खातेय. जा तुम्ही विमानाने." आणि ती रडायला लागली. पन्नाशी कधीच उलटलेली बाई, ताट फेकून रडतेय, हे तिचं तिलाच लाजिरवाणं वाटत होतं, पण थांबता येत नव्हतं.

शामकांत खुर्चीच्या कडेला सरकले. खाली वाकले, ताट चाचपडत शोधलं, कारण ते त्यांच्या पायाशी बाजूलाच पडलं होतं आणि त्यांना दिसत नव्हतं. ते त्यांनी तिच्या मांडीवर ठेवलं. मग अगदी तिच्याच सुरात म्हणाले,

"माझ्याकडे घे."

ताट फिरलं. बरोबर फिरलं.

"आता तुझ्याकडे."

पुन्हा बरोबर.

"हे शब्द तुझे नाहीतच मुळी," शामकांत म्हणाले. "या खुर्चीचे आहेत. इथे जो बसेल त्याचे. आजवर तू बसत होतीस, आता मी बसलोय." सुलभा डोळे पुसत त्यांच्याकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिची भाषा त्यांना कळत होती. ती बोलायला मात्र ते आज लागले.

तिसऱ्या परीक्षेला शेजारी कडक चेहऱ्याची परीक्षक बाई होती. सुलभाने मनात तिच्या जागी शामकांतना बसवलं. लेफ्ट म्हटलं की अहोंकडे, राइट म्हटलं की माझ्याकडे. प्रत्येक वळणाआधी ती एकदा त्या बाईकडे बघून घ्यायची. शेवटी बाई म्हणाली, डावीकडची बाजू तुम्ही छान तपासता. सुलभा पास झाली. त्या दिवशी खाण्याच्या ठेल्यांच्या हॉकर सेंटरमध्ये शामकांतनी निशिकांतला तेच पुन्हा पुन्हा सांगितलं आणि त्यांचा चहा गार झाला.

गाडी भाड्याने देणाऱ्यांना वर्षभर जुनं लायसन्स हवं होतं. ते वर्ष सुलभाने शामकांतच्या डोळ्यांत थेंब घालत काढलं. प्रत्येक तपासणीला तिचा जीव टांगणीला लागे. दिसण्याचा घेर थोडा आणखी आत आला, पण समोरचं टिकलं.

मग सॉल्ट लेक. काउंटरवरच्या पोऱ्याने गॅसचं विचारलं आणि सुलभा ऐटीत म्हणाली, "फुल." गाडी पुन्हा तत्समच निघाली. दोघं सामान टाकून आत बसली, आणि सुलभाच्या समोर काहीच नव्हतं. ना चाक, ना पेडल. सिंगापूरच्या सवयीने ती उजव्या दाराने शिरली होती, आणि उरलेल्या दाराने शामकांत. चाक त्यांच्या पुढ्यात होतं. त्यांचे हात आपोआप त्याच्यावर गेले. दोन्ही अंगठ्यांनी त्यांनी ते चाक जरासं चोळलं, मग म्हणाले, "चुकलो," आणि उतरून पुढून वळसा घालून तिच्या बाजूला आले.

नेव्हाडाचं वाळवंट त्यांनी "माझ्याकडे, तुझ्याकडे" करत ओलांडलं. ती दोन ठिकाणी चुकली, एकदा एका शेतातच शिरली, आणि कॅलिफोर्नियाच्या पाटीआधी थांबून तिने टाकी भरली. शामकांतनी कशाला म्हणून विचारलं नाही. डोंगर चढून उतरल्यावर रस्ता किनाऱ्याला मिळाला आणि खाली दक्षिणेकडे वळला. सुलभाची नजर पांढऱ्या पट्ट्यावरून हलत नव्हती. काच उघडी होती आणि खारट वारा आत आला.

शामकांत ताठ बसले. ते सरळ समोर बघत होते, आणि समोर नुसता रस्ता होता.

"आला का गं?"

"आला."

"कुठल्या बाजूला?"

सुलभाने हातांकडे बघितलं नाही. कुठला जेवायचा, कुठला आपला, काही आठवलं नाही.

"तुमच्याकडे," ती म्हणाली.

शामकांतनी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सगळी मान वळवली, आणि पुढचं गाव येईपर्यंत ती सरळ केली नाही.