आधी नाट, मग काम

लुसाकातल्या आमच्या कचेरीवरची पाटी वाचून लोक हमखास विचारायचे, हा इथला आफ्रिकन वकील आणि ही मराठी बाई एकत्र आले कसे? मी म्हणायची, नागपूरच्या उन्हानं डोकं फिरलं, दुसरं काय! खरी हकीकत मात्र साधी आहे. तो झांबियाहून नागपूरला कायदा शिकायला आला होता आणि आम्ही एका वर्गात होतो. मी उत्तर नागपुरातल्या बौद्ध वस्तीतली, आमच्या घरातली पहिली वकील. परीक्षा झाल्यावर दोघांनाही रामदासपेठेतल्या एकाच ऑफिसात काम मिळालं. दोन खोल्या, एक टाइपरायटर आणि कायम कुरकुरणारा पंखा. कंपन्या नोंदवायच्या, करारनामे लिहायचे, व्यापाऱ्यांना सल्ला द्यायचा, असं ते काम. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे ही.

त्याचं मराठी खानावळीत शिकलेलं, म्हणजे अस्सल नागपुरी. पहिल्याच आठवड्यात तो आमच्या सरांना म्हणाला, "काहून गा सर, आज उशीर झाला?" माझ्या तोंडातला चहा बाहेर आला. सर जुन्या नागपुरातल्या महाल भागातले, फटकळ, पण त्या दिवशी तेही हसले.

सरांची एक पद्धत होती. कुठलाही सल्ला पक्षकाराच्या हाती पडण्याआधी आमच्यापैकी एकानं त्याच्या विरोधात बोलायचं आणि दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. विरोधात बोलणाऱ्यानं मनात काही राखायचं नाही, आणि दुसरी बाजू तर चुकूनही मांडायची नाही. सर म्हणायचे, "बाहेर शुभ कामाला नाट लावू नये. इथं आधी नाट, मग काम." रोज सकाळी विचारायचे, "चला, आज नाट कोण लावतंय?" बहुतेक वेळा तोच लावायचा आणि मी उत्तर द्यायची. भांडायला मला आवडतंच.

मग त्यानं परत जाऊन स्वतःची सल्ला-कचेरी काढायचं ठरवलं आणि मला विचारलं, भागीदार म्हणून येतेस का? तिथल्या कोर्टात मला उभं राहता आलं नसतं, पण कंपन्यांचं काम करता आलं असतं. मी एका पायावर तयार. अडचण होती ती घरी. बाबा वारले होते, लहान भाऊ नुकता नोकरीला लागला होता. तो म्हणाला, "वस्तीत तोंड दाखवायले जागा ठेवशील का नाही?" आई काहीच बोलेना. तिनं हो म्हटल्याशिवाय मी पाऊल उचलणार नव्हते, आणि तिनं नाही म्हटलं असतं तर आयुष्यभर मनातल्या मनात तिच्याशी भांडत राहिले असते. शेवटी तीच म्हणाली, "त्याले जेवाले बोलाव."

तो रविवारी आला. पाटवड्यांचा रस्सा ओरपत "अजून वाढ ना, माय" म्हणत पोटभर जेवला. हात धुऊन बसल्यावर आईनं विचारलं, "मले सांग बाबा, माह्या पोरीनं तिकडं जावं का?"

आणि या शहाण्यानं काय करावं? ऑफिसात बसल्यासारखा सुरूच झाला!

"कचेरी म्हणजे एक खोली आहे, माय. काम अजून एकही हाती नाही. हिले तिथं कोनी ओळखत नाही. लोकं तिथलेही बोलतीन, इथल्यापेक्षा जास्तच बोलतीन. ही बिमार पडली तर तुले लवकर खबर लागनार नाही. तू बिमार पडली तर हिले लागनार नाही. अन् इथं राहिली तर सर हिले पुढं भागीदार करतीन."

मी जळून खाक झाले. वाटलं, मेल्या, माझं वाटोळं करायलाच आलास का? भाऊ मात्र खूश दिसत होता. बोलणं संपवून हा शहाणा माझ्याकडे बघत बसला. आता उत्तर माझं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं. ऑफिसात माझी जीभ कधी अडली नव्हती. त्या दिवशी एक मुद्दा सुचेना. एवढंच म्हणाले, "मले जायचं आहे, माय."

आई पदराचं टोक चाळवत, माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"मले मौद्याच्या माहेराहून इथं देल्लं तवा सगळे म्हनत होते, सोन्यासारखं घर आहे. मामा म्हने, काका म्हने. नवऱ्याले दमा आहे, रातभर बसून राहा लागते, हे एकानंही नाही सांगतलं. आल्यावर कळलं. तुह्या बापाचा राग नाही मले, मानूस चांगला होता. पन कोनी सांगतलं असतं तरी मी आलीच असती. फक्त सांगाले पाहिजे होतं."

बाबांचा दमा मी जन्मापासून पाहिला होता. तो आईच्या पदरात न सांगता टाकला होता, हे मला त्या दुपारी कळलं. भाऊही मान खाली घालून बसला होता.

"यानं सगळं सांगतलं," आई म्हणाली. "जा तू."

एवढ्यासाठीच मी कित्येक महिने झुरत होते. आणि होकार मिळाला तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा शिरलं, की जायचं म्हणजे हिला सोडून जायचं. पाहुण्यासमोरच मी आईच्या मांडीत डोकं खुपसून हमसून हमसून रडले.

"आता काहून रडून राहिली वं?" ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "मी नाही म्हनली असती तर थांबली असती का?"

"हो," मी म्हणाले.

तिचा हात थांबला. "मले वाटलंच होतं," ती म्हणाली, आणि उष्टी ताटं उचलायला उठली.