मेलेल्यांच्या याद्या

माझ्या फोनमध्ये एका तरुण माणसाचा फोटो आहे. जाड मिश्या, अर्धवट हसू, डाव्या भुवईवर व्रण. मी जन्मायच्या आधीच तो मेला, तरी तो फोटो डिलीट करायला हात धजत नाही. बसमध्ये दुसरंच काही शोधताना तो मध्येच समोर येतो आणि मला कसंतरीच होतं.

फोटो शेजारच्या काकांच्या मित्राचा. काका तुर्की, सत्तरी ओलांडलेले. इथे परदेशात, माउंट रॉस्किलला, आमच्या भाड्याच्या घराच्या कुंपणापलीकडे एकटेच राहतात. पुण्याहून आई सहा महिन्यांसाठी आली तेव्हा ओळख वाढली. ते द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून पाठवायचे, आई भरली वांगी पाठवायची. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण लोकांना खायला घालायची खोड सारखीच.

एका रविवारी आई म्हणाली, "विचार गं त्यांना, देश का सोडला?" मी आढेवेढे घेत विचारलं.

तरुणपणी ते क्रांतिकारक होते. कुठल्या गटाचे, हे समजावताना मात्र त्यांना टेबलावरचे सगळे ग्लास मांडावे लागले. हा मॉस्कोकडे बघणारा, हा पेकिंगकडे. हा पेकिंगशी बिनसल्यावर अल्बानियाच्या मागे गेलेला. हा कामगार संघटनांत काम करणारा, हा बंदूक घेऊन डोंगरात गेलेला. सगळ्यांना क्रांतीच हवी होती आणि प्रत्येकाला बाकीचे गद्दार वाटत होते. मला हसायचा हक्क नव्हता. आमचं इथलं गणपती मंडळ ढोल कुणाच्या गॅरेजमध्ये ठेवायचे यावरून फुटलं आणि त्यातल्या निम्म्या लोकांशी मी आजही बोलत नाही.

काका आणि तो मित्र एकाच खोलीत राहायचे. मग त्यांची संघटना फुटली. देश अजून सरंजामी आहे की भांडवली झालाय, यावर. मित्र दुसऱ्या बाजूला गेला आणि त्याने खोली सोडली. फुटलेल्यांना थारा द्यायचा नाही, असा काकांच्या गटात आदेश निघाला. थोड्याच दिवसांत लष्कराने सत्ता घेतली, धरपकड सुरू झाली. एका संध्याकाळी मित्राने काकांचं दार ठोठावलं. "सकाळपर्यंत राहू दे," एवढंच म्हणाला.

"मी आतूनच सांगितलं, तुझ्या लोकांकडे जा."

"मग?"

"मग त्याची पावलं जिना उतरून गेली," काका म्हणाले. "अजून रोज उतरतात."

मी आईला हे मराठीत सांगितलं.

तो जगला की मेला, एवढंच काकांना कळायला हवं होतं. पण शोधायचं कशावरून? संघटनेत टोपणनावंच चालायची. एका खोलीत राहूनही खरं नाव सांगायचं नाही, असा नियम होता. उरल्या होत्या त्या याद्या. जवळपास प्रत्येक गटाची आज वेबसाइट आहे आणि तिच्यावर त्यांच्या हुतात्म्यांचे फोटो. काकांनी आपल्या गटाची यादी कितीदा तरी पाहिली होती, मित्राच्या गटाचीही. तो कुठेच नव्हता. आता, पोलिसांपुढे जे बोलले त्यांना यादीत घेत नाहीत. म्हणजे एक तर तो जिवंत होता, नाही तर त्याने तोंड उघडलं होतं. काका चाळीसहून जास्त वर्षं या दोन्हींच्या मध्ये लोंबकळत होते.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. इतरांनी जिथे बघायचं टाळलं तिथे बघण्याचाच मला पगार मिळतो. माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात लंचच्या वेळी मी एकेका गटाची साइट उघडत गेले. मला त्यांच्यातला फरक कळत नव्हता, त्यामुळे मी कुणालाच वगळलं नाही. तिसऱ्या दिवशी एका अगदी चिमुकल्या गटाच्या यादीत काकांनी सांगितलेलं ते टोपणनाव दिसलं, शेजारी फोटो. भुवईवर व्रण. मित्राचा गट पुढे तुरुंगात पुन्हा फुटला होता आणि मेलेल्यांचीसुद्धा वाटणी झाली होती. हा या लोकांच्या वाट्याला आला होता.

मी फोटो फोनमध्ये उतरवून घेतला आणि दोन दिवस गप्प बसले. मला भीती वाटत होती. फोटोखालच्या मजकुराचं कॉम्प्युटरने केलेलं भाषांतर मी वाचलं होतं. शेवटी आई म्हणाली, "सांगून टाक. त्यांचं आहे ते, तू कशाला दाबून ठेवतेस?"

काकांनी आधी गटाचं नाव वाचलं. "यांच्याकडे?" ते म्हणाले. "यांच्याकडे मी कधी बघितलंच नाही. यांना आम्ही डावे मानत नाही."

मानत नाही, म्हणाले. अजूनही. मला त्यांचा संताप आला आणि त्याच क्षणी कीवही आली.

मग त्यांनी खालचा मजकूर वाचला, फोन डोळ्यांजवळ धरून, फार सावकाश. काकांचं दार ठोठावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो रस्त्यात पकडला गेला. नवव्या दिवशी कोठडीत मेला. त्याने एकही नाव सांगितलं नाही, एकही पत्ता सांगितला नाही.

"पुढे दोन महिने मी त्याच खोलीत होतो," काका म्हणाले. "माझ्याकडे कुणी आलं नाही. मला वाटायचं, मी नियम पाळले म्हणून वाचलो."

मजकुराच्या शेवटी लिहिलं होतं की ती शेवटची रात्र त्याने कुठे काढली हे कळलेलं नाही, कुणाला माहीत असेल तर कळवावं. खाली लिहायला रिकामी चौकट होती. काकांनी फोन माझ्या हातात दिला. "मी अक्षरं सांगतो, तू टाइप कर."

एकेक अक्षर ते सांगत गेले, मी काही न समजता टाइप करत गेले. खाली त्यांनी स्वतःचं पूर्ण, खरं नाव घालायला लावलं. काय लिहिलंय, मी विचारलं. त्यांनी ते मला इंग्रजीत सांगितलं.

"त्या संध्याकाळी तो माझ्या दारात आला होता. मी घरात होतो."