वहीतल्या चार नोंदी

गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ती वही अजून आहे. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. सासूबाईंनी पुण्याहून येताना ती नातीच्या पाढ्यांसाठी आणली होती. त्या वहीत आमच्या जुन्या गाडीच्या एसीचा आजार तारीखवार लिहिलेला आहे. त्याच वहीत, त्याच रकान्यांमध्ये सासूबाईंचा आजारही लिहिलेला आहे, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात. दोन्ही एकच समजून मी सहा आठवडे वाचत होते.

गाडी माझी. हे आधीच सांगते, कारण सगळा घोळ त्या ‘माझी’पासून सुरू झाला. नवऱ्याचं म्हणणं होतं, नवी गाडी लीजवर घेऊ. मी हट्टाने आमच्या गल्लीतल्या एका डच आजोबांची पंधरा वर्षांची करडी स्टेशन वॅगन घेतली. नेदरलँड्समधल्या आमच्या आल्मेरे शहराच्या पावसात तीन वर्षं लेकीला सायकलवर मागे बसवून शाळेत पोचवल्यावर घेतलेली गाडी होती ती. तिला कुणी नावं ठेवली की मलाच ठेवल्यासारखं वाटायचं.

सासूबाई मे महिन्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या. प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, सासरे गेल्यापासून पुण्यात एकट्या राहणाऱ्या आणि ताठ. स्वतःच्या शरीराची तक्रार करणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. डोकं दुखतंय असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, खोलीत हवा कोंडलीय म्हणायच्या. गुडघे दुखले की जिना बांधणाऱ्याची अक्कल काढायच्या. दहा वर्षांच्या संसारात हे मला पाठ झालं होतं. नुसतं पाठ असून काहीही उपयोग झाला नाही.

जूनमध्ये ऊन तापलं आणि एसीने दगा द्यायला सुरुवात केली. सुरू केला की अर्धा तास छान गार, मग हळूहळू कोमट, मग चक्क गरम. गाडी तासभर सावलीत उभी राहिली की पुन्हा गार, जणू काही झालंच नव्हतं. गॅरेजमध्ये नेली तर तिथे शहाण्या मुलीसारखी वागली. दुसऱ्यांदा नेली तेव्हाही तेच. गॅरेजचा मालक साठीचा डच गृहस्थ, बोलणं मोजकं आणि तोंडावर. तो इंग्रजीत म्हणाला, “जे मला दिसत नाही ते मी दुरुस्त करू शकत नाही. लिहून आण.”

हे मला सांगायची गरज नव्हती. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर तपासते. मध्येच येणारा आणि मध्येच गायब होणारा दोष पकडायचा तर आधी नोंदी हव्यात, हे ऑफिसात नव्याने आलेल्यांना मीच ऐकवत असते. मी रकाने आखले. तारीख, वेळ, बाहेरचं तापमान, गाडी सुरू होऊन किती मिनिटं झाली, गार की गरम. चालवणार मी, त्यामुळे लिहायचं काम पुढच्या सीटवरच्या सासूबाईंकडे गेलं. बाईंना काम मिळालं. पर्समध्ये दोन पेनं ठेवून त्या वर्गावर जाव्यात तशा गाडीत बसू लागल्या. पहिल्या नोंदी मोत्यासारख्या अक्षरात आहेत. ‘संध्याकाळी ५.४०. बाहेर २९. बत्तीस मिनिटे. गेला.’

मग एका शनिवारी सकाळी आम्ही बाजारातून परत निघालो होतो. कोथिंबीर, भेंडी, आंबे भरलेल्या दोन जड पिशव्या सासूबाईंनी माझ्या हाती दिल्या नव्हत्या. पार्किंगचे दोन मजले चढून त्या गाडीत बसल्या. बाहेर सोळा अंश होते. चाचणी म्हणून एसी मी सतत चालूच ठेवत असे. पाच मिनिटांत त्या म्हणाल्या, “एसी गेला गं.”

मला तर गार लागत होतं. पण त्यांच्या बाजूची झडप वेगळी, तिच्यातही बिघाड असेल असं मी धरून चालले. मागून लेक म्हणाली, “मम्मा, आय ॲम कोल्ड.”

“आजी लिहितायत ना? तू मध्ये बोलू नकोस.”

सासूबाईंनी रुमालाने कपाळ टिपलं. ते मी पाहिलं. खोटं कशाला सांगू, मला ते नाटक वाटलं. मुलाचं ऐकून नवी गाडी घेतली असती तर ही वेळ आली नसती, एवढंच त्यांना सुचवायचंय, असं वाटलं आणि घर येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी मात्र नोंद केली. ‘सकाळी १०.२५. बाहेर १६. पाच मिनिटे. गेला.’ अक्षर ओळीखाली उतरलेलं आहे. लेक काय म्हणाली ते लिहायला रकाना नव्हता. माझ्या हाताखालच्या कुणी साक्षीदार असा वगळला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

जुलैअखेर मी वही घेऊन गॅरेजात गेले. मालकाला देवनागरी वाचता येईना, म्हणून काउंटरपाशी उभी राहून मी एकेक ओळ इंग्रजीत सांगू लागले आणि तो पाठीमागच्या फळ्यावर खडूने खुणा करू लागला. बत्तीस मिनिटं, एकोणतीस अंश. तो मान हलवायचा. चाळीस मिनिटं, तीस अंश. पुन्हा मान. पाच मिनिटं, सोळा अंश. खडू थांबला.

“नाही,” तो म्हणाला.

पुढे अशा आणखी तीन नोंदी आल्या. चार मिनिटं, सतरा अंश. सात मिनिटं, अठरा. पाच मिनिटं, पंधरा. एकीचीही त्याने खूण केली नाही. मग त्याने मला समजावलं. एसीच्या कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारी एक चकती असते. वीज मिळाली की ती लोहचुंबकाने ओढली जाते. झिजून झिजून तिच्यातली फट वाढली होती. थंड असताना चुंबकाला ती ओढता येई, तापल्यावर त्याची ताकद कमी पडे. “म्हणून तुझा एसी तापल्यावरच बंद पडतो. पाच मिनिटांत, थंड सकाळी, तो बंद पडूच शकत नाही. या चार नोंदी गाडीच्या नाहीत. लिहिणाऱ्याला विचार.”

त्याने चकतीमागची एक पातळ वॉशर काढून फट कमी केली. काम एका तासाचं. त्या तासात मी बाहेरच्या बाकावर वही उघडून बसले होते. बाजाराचा जिना. समुद्रासारख्या पसरलेल्या तळ्याकाठचा बांध, जो त्या लेकीबरोबर शर्यत लावून चढल्या होत्या. आमच्याच बिल्डिंगची लिफ्ट बंद होती तो दिवस, दोनदा, सामान घेऊन सगळे मजले उतरून. चारही वेळा त्या चढून किंवा ओझं वाहून नुकत्याच सीटवर टेकल्या होत्या.

घरी येऊन सरळ विचारलं. “आई, तुम्हाला त्या वेळी घाम का येत होता?”

“पित्त गं. तुमच्याकडचा ब्रेड.”

नवरा म्हणाला, “विमानात बसायच्या आधी आई सगळ्या टेस्ट करून आलीये. तू गाडीसारखं तिला डिबग करू नकोस.” मला बरंच वाटलं ते ऐकून. तरी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे घरच्या डॉक्टरकडे फोन लावला. तिथल्या बाईने विचारलं, छातीत दुखतं का? मी फोन हातात धरून सासूबाईंना विचारलं. “छे!” त्या म्हणाल्या. मी फोनवर ‘नो’ म्हणाले. बुधवारची वेळ मिळाली.

बुधवारच्या आधी रविवार होता. उइटहॉर्न गावात नवऱ्याच्या मित्राकडे बाळ झालं होतं आणि ते अगदी वरच्या, माळ्याच्या खोलीत झोपलेलं. तिथला जिना शिडीइतका उभा. मी म्हटलं, “आई, बाळाला खाली आणतील.” त्या म्हणाल्या, “झोपलेल्या बाळाला कुणी उचलतं का?” आणि कठडा धरून चढू लागल्या. त्यांच्या टाचा माझ्या डोळ्यांसमोरून एकेक पायरी वर जात होत्या. मी त्यांना थांबवलं नाही, कारण लोकांसमोर वाद नको होता.

परत निघताना नवरा आणि लेक मागे बसले. सासूबाई पुढे. एसी सणसणीत चालला होता, दुरुस्तीनंतर इतका गार की मी स्वेटर घातला होता. दुसऱ्या सिग्नलला त्या म्हणाल्या, “परत गेला बघ एसी. फसवलं तुला त्या माणसाने.”

मी त्यांच्या बाजूच्या जाळीवर तळवा ठेवला. बोटं गारठली. तोच हात त्यांच्या कपाळाला लावला. ते ओलंचिंब होतं.

मांडीवर वही उघडी होती. सवयीने त्यांनी वेळ लिहिली, ‘४.५०’, पुढच्या रकान्यात पेन टेकवलं आणि ते तिथेच राहिलं. मी गाडी सायकलच्या वाटेवर चढवून थांबवली. नवऱ्याने ११२ लावला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत लेक मागून एकच वाक्य म्हणत होती, “मम्मा, इट इज कोल्ड, इट इज रिअली कोल्ड.” मी तिला गप्प केलं नाही.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने विचारलं, हे कधीपासून होतंय? घरच्यांना सहसा नेमकं आठवत नाही, अंदाज चालेल, असंही म्हणाली. मी वही पुढे केली आणि त्या ओळी इंग्रजीत वाचून दाखवल्या. माझ्याकडे तारखा होत्या, वेळा होत्या, बाहेरचं तापमानसुद्धा होतं. तिने त्या ओळींकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मला मान वर करता आली नाही.

दोन स्टेंट घातले. सासूबाई वाचल्या. व्हिसा थोडा वाढवून मिळाला, तोही संपला. आम्ही दोघांनी खूप विनवलं, कागदपत्रांचा मार्ग शोधतो म्हटलं. “माझं घर आहे तिकडे,” एवढंच त्यांचं उत्तर. विमानतळावर त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “गाडी चांगली आहे हो तुझी.” मी पार्किंगमध्ये बसून रडले.

आता दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. गेल्या रविवारी त्यांनी फोन उचलला तेव्हा भाजीची पिशवी अजून टेबलावरच होती. तीन मजले चढून त्या नुकत्याच खुर्चीत टेकल्या होत्या.

“आज पंखा फारच हळू फिरतोय गं,” त्या म्हणाल्या. “व्होल्टेज कमी असणार.”

त्यांच्या मागच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. त्याची पानं पंख्याच्या वाऱ्याने जोरजोरात फडफडत होती.

मी नवऱ्याला खुणेने दुसऱ्या फोनवरून शेजारच्या काकूंना फोन लावायला सांगितलं. मग आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हटलं, “आई, फोन चालू राहू द्या. दाराची कडी काढा आणि बसून राहा.”

“कशाला गं?” त्यांनी विचारलं आणि रुमालाने कपाळ टिपलं.