हजेरीकाकांनी मारलेली दांडी

कारखान्याच्या फाटकावर कामगारांची हजेरी मांडण्यात ज्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली, त्या हजेरीकाकांना दांडी या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता. माणूस कामावर न येता घरी लोळत पडला, की ती दांडी. सकाळचा भोंगा व्हायच्या आधी काका फाटकाशेजारच्या खोलीत हजर. खिडकीतून नुसत्या चालीवरून ओळखायचे, हा रंगखात्यातला, हा वेल्डिंगवाला. आदल्या दिवशी दांडी मारलेला एखादा मुद्दाम लंगडत आला, तर काका शांतपणे विचारायचे, "रस्त्यावर उजवा पाय ओढत होतास, फाटकात डावा कसा रे झाला?" मग तो पठ्ठ्या हसत हसत सरळ चालायला लागायचा.

स्वतः काकांनी मात्र कधी दांडी मारली नाही. ताप असो, पाऊस असो, घरात पाहुण्यांची झुंबड असो, काका निघाले म्हणजे निघाले. याचा कामगारांना धाक होता आणि काकूंना वैताग.

कारण काकूंना हवी होती वेगळीच दांडी. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा बाथरूम म्हणजे एक चिंचोळी खोली, एक नळ नि एक स्टूल. टॉवेल टाकायला जागाच नाही. दारावर टाकावा, तर दार लागेना. दार ओढून लावावं, तर टॉवेल पाण्यात. पहिल्याच आठवड्यात ओला टॉवेल पिळत काकू म्हणाल्या, "अहो, एक दांडी मारा ना बाथरूममध्ये."

"रविवारी बघतो," काका म्हणाले.

रविवार यायचा नि जायचा. कधी कारखान्यात जादा पाळी, कधी कुणाकडे जाणं, कधी काकांची डुलकी. शेवटी काकूंनी त्या दांडीचं गाऱ्हाणंच करून टाकलं. आल्यागेल्याला सांगायच्या, "हजेरीवाल्याच्या घरात दांडी कुठून असणार हो!" पाहुणे खो खो हसायचे, काकाही हसायचे, आणि टॉवेल पुन्हा दारावर जायचा. मुलं झाली, त्यांचे छोटे टॉवेल खिडकीच्या गजांना आले. मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं. सूनबाई पहिल्या दिवशी आंघोळ करून आली ती टॉवेल गळ्यात घालून, गोंधळलेला चेहरा करून. काकूंनी कपाळाला हात लावला. "ये गं बाई, आता तूही आमच्यातली झालीस!" किती हसल्या होत्या दोघी! काय सुखाचे दिवस होते ते, एका टॉवेलावरून घरभर हसणं पिकायचं.

आणि मग काकू त्याच बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालतील, सगळं नीट होईल, पण बाथरूममध्ये धरायला काहीतरी भक्कम हवं. नसेल तर आंघोळीच्या वेळी कुणीतरी आत उभं राहायला हवं.

"मला कुणी आंघोळ घालायची नाही," काकू तिथल्या तिथे म्हणाल्या. "कुक्कुलं बाळ आहे का मी?"

दवाखान्यात नर्स येऊन अंग पुसून जायची. बिचारी चांगली होती, हळुवार हाताची. पण तेवढा वेळ काकू डोळे गच्च मिटून घ्यायच्या, आणि ती गेल्यावर कितीतरी वेळ कुणाशी बोलायच्या नाहीत. भिंतीशीसुद्धा गप्पा मारणारी बाई ती! काकांना ते बघवत नसे. एकदा तर डोळे न उघडताच म्हणाल्या, "एवढंसुद्धा आपलं आपल्याला करता येणार नसेल, तर मला घरी नेऊन काय करणार आहात?" काकांना वाटलं, घर म्हणजे ही बाई, आणि ती म्हणते, नेऊन काय करणार!

दवाखान्यातून काका तडक हार्डवेअरच्या दुकानात गेले. तिथे एका भिंतीवर टॉवेलच्या दांड्याच दांड्या. लांब, आखूड, दुहेरी, सोनेरी, फुलापानांची टोकं असलेल्या. काकांनी सगळ्यांत चकचकीत उचलली. इतकी वर्षं थांबवलं, आता द्यायची ती झोकात!

"घरी कोण वापरणार?" दुकानदाराने विचारलं.

काकांनी सगळं सांगितलं. दुकानदाराने त्यांच्या हातातून ती दांडी काढूनच घेतली. "ही टॉवेलापुरती, साहेब. हिच्यावर माणसाने भार टाकला, तर दांडी आणि माणूस दोन्ही खाली." मग त्याने आतून एक जाडजूड, खरखरीत पकडीची, दोन्ही टोकांना रुंद चकत्या असलेली दांडी आणली. दिसायला अगदीच अडाणी. "ही घ्या. कुठल्या बाजूला लावणार? त्या उठताना कुठला हात टेकतात?"

अख्ख्या कारखान्याची चाल ओळखणारा माणूस, पण आपली बायको स्टुलावरून कुठल्या हाताने उठते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कसं असणार? ती आंघोळीला जायची तेव्हा हे फाटकावर. सुनेला विचारावं, तर तिलाही माहीत नाही, आणि खुद्द काकूंना विचारायची सोय नव्हती. आंघोळीचा विषय निघाला की त्या भिंतीकडे तोंड करत.

घरी येऊन काका बाथरूममध्ये एकटेच उभे राहिले. भिंतीकडे बघत आठवू लागले. आणि आठवलं ते भलतंच. बसथांब्यावरचं बाकडं आठवलं. मुलाच्या शाळेतल्या कार्यक्रमाच्या खुर्च्या आठवल्या. बागेतला कट्टा आठवला. कुठेही बसायचं झालं, की काकू त्यांच्या उजव्या बाजूला बसायच्या, आणि निघताना डावा हात त्यांच्या गुडघ्यावर टेकून "चला" म्हणत उठायच्या. अर्ध्या उठल्या, की तोच हात त्यांच्या कोपराला. एकदा काका वैतागून म्हणाले होते, "माझा गुडघा म्हणजे काय दांडी आहे?" त्यावर त्या म्हणाल्या, "घरात नाही ना, मग हीच."

काका त्या ओल्या खोलीत एकटेच हसले. मग डोळे भरून आले, ते पुसलेही नाहीत त्यांनी. तिथे बघतंय कोण!

प्लंबरला यायला सवड झाली ती नेमकी दवाखान्यात भेटायच्या वेळेला. काकांचा जीव वरखाली. एकही दिवस चुकवला नव्हता त्यांनी. शेवटी डबा सुनेच्या हातात देत म्हणाले, "सांग तिला, आज दांडी." आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन आत गेले.

प्लंबरने भिंत ठोकून बघितली, पेन्सिल कानामागून काढली नि म्हणाला, "बोला, किती उंचीवर?"

काकांनी काकूंचं स्टूल मधोमध ठेवलं. त्याच्या डावीकडे, भिंतीला खेटून, दुसरं स्टूल ठेवून स्वतः बसले. "माझ्या गुडघ्यापाशी एक खूण कर." मग उभे राहिले. "आता कोपरापाशी. थोडी पुढे. या खुणेपासून त्या खुणेपर्यंत तिरपी लाव."

"काका, दांडी बसवायचीय ना? मला वाटलं तुमचा पुतळा बसवायचाय," प्लंबर म्हणाला. पण त्याने दांडी लावली अगदी मन लावून. लांब स्क्रू पिळले, मग स्वतः दांडीला लोंबकळून दाखवलं. काकाही लोंबकळले. दांडी जागची हलली नाही.

इकडे दवाखान्यात सूनबाईने निरोप जसाच्या तसा दिला होता. "बाबा म्हणाले, आज दांडी."

दुसऱ्या दिवशी काका गेले, तर काकूंची पाठ. "अगं, मी आलोय." काकूंनी पांघरूण खांद्यावर ओढून घेतलं. "डबा उघडू?" भिंतीकडूनच आवाज आला, "जन्मभर कामावर दांडी मारली नाही या माणसाने. आणि मारली ती माझ्यावर! कंटाळलात ना? स्पष्ट सांगा."

"अगं बये, तुझ्यावर नाही! भिंतीला मारली! बाथरूमच्या!"

काकू हळूच वळल्या. "खरी?"

"खरी. स्क्रूची."

पहिल्यांदा त्यांचा खालचा ओठ हलला, मग खांदे, आणि मग त्या अशा हसत सुटल्या की नर्स धावत आली. हसताना टाके दुखत होते, "आई गं, आई गं" म्हणत होत्या आणि हसतच होत्या. त्या दिवशी त्यांनी वॉकर धरून दारापर्यंतच्या फेऱ्या कुणी न सांगता घातल्या.

घरी आल्यावर पहिल्या आंघोळीला सगळं घर बाथरूमबाहेर गोळा झालं. सूनबाई म्हणाली, "आई, मी नुसती पाठमोरी उभी राहते आत." काकूंनी तिच्या गालाला हात लावला नि म्हणाल्या, "बाहेरच थांब, राणी. हाक मारली तर ये." कडी लावायची नाही, एवढं मात्र कबूल केलं. वॉकर दाराशी ठेवला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि दार लोटून घेतलं.

काका बाहेर खुर्चीत बसले. आत स्टूल सरकलं. पाणी पडू लागलं, बराच वेळ पडत राहिलं. मग नळ बंद झाला. आता ती उठणार. काका खुर्चीच्या कडेला सरकले. आतून काहीच ऐकू येईना. सूनबाईने दाराकडे हात नेला, काकांनी मानेनेच तिला थांबवलं.

आणि पचकन काहीतरी पडलं.

"अगं, पडलीस का?" काका खुर्चीतून ताडकन उठले.

"मी नाही, टॉवेल पडला!" आतून ठणठणीत आवाज आला. "एवढी दांडी मारलीत ती तिरपी! टॉवेल राहील का तिच्यावर? घसरला मेला पाण्यात. दुसरा द्या!"

सूनबाई धावत जाऊन टॉवेल घेऊन आली. काकांनी तो तिच्या हातातून घेतला. दार वीतभर उघडलं आणि ओला, साबणाच्या वासाचा हात बाहेर आला. खालून नाही, चांगला वरून आला. ती उभी होती. आपली आपण उठून उभी होती. काकांनी त्या हातात टॉवेल दिला. इतक्या वर्षांत तिने आंघोळीला टॉवेल त्यांच्याकडे मागितला, तो आज पहिल्यांदा.

आतून टॉवेल ओढला गेला. पुन्हा ओढला गेला.

"अहो, रडताय की काय?"

"छे!"

"मग सोडा की तो टॉवेल!"