समूह सवलतीची वही

येरवड्यातल्या आमच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांचा एक संघ आहे. तो रोज संध्याकाळी पार्किंगमधल्या चार बाकांवर भरतो. संघाचे सेक्रेटरी पाटबंधारे खात्यातून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झाले; खाते सुटले, खात्याची पद्धत सुटली नाही. गेल्या हिवाळ्यात त्यांनी नागपूरची सहल काढायचे ठरवले आणि फळ्यावर लिहिले : 'रेल्वेने समूह आरक्षण. समूहास भरघोस सवलत.'

ही सवलत अस्तित्वात नव्हती. ज्येष्ठांना रेल्वेभाड्यात मिळणारी सूट करोनाच्या वर्षी बंद झाली आणि पुन्हा सुरू झालेली नाही. त्या बातमीचा मथळा मीच दिला होता. मी तेव्हाही वृत्तपत्राच्या डेस्कवर होते, आजही आहे. मी सेक्रेटरींना तसे सांगितले.

"ते एकेकट्या माणसाचं," ते म्हणाले. "आपण समूह आहोत. समूहाला वेगळा नियम असतो."

"कुठला?"

"असतो. तुम्ही पेपरवाले अर्धीच माहिती छापता."

मी पुढे बोलले नाही. त्यामागे सभ्यता नव्हती. आईला नागपूरला जायचे होते, तिच्याबरोबर जायला मी रजा मागितली नव्हती, आणि तिला फुकटची सोबत मिळते आहे हे माझ्या सोयीचे होते.

आई निवृत्त नर्स आहे. सोसायटीत सगळे तिला सिस्टर म्हणतात. तिची थोरली बहीण नागपूरला असते. मावशीला काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली किती दिवस टिकेल हे डॉक्टर सांगत नव्हते. दिवाळीनंतर मावशी फोनवर म्हणाली होती, "मला दिसतंय तोवर येऊन जा गं. नंतर आलीस तर मला नुसता तुझा आवाज. तो काय, फोनवरही येतो." आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत. वरच्या बर्थवर चढणे तिला शक्य नाही. खालचा बर्थ मिळाला तर नागपूर, नाहीतर फोन.

सहलीच्या कार्यक्रमात दीक्षाभूमी आईने घालायला लावली. पहिल्या मसुद्यात फक्त वाघ आणि संत्र्याची बाग होती.

मग येणाऱ्यांची नावे लिहून घ्यायला वही फिरली. व्हॉट्सअॅप ग्रुपवर दाखवलेला अंगठा सेक्रेटरींना सही म्हणून मान्य नव्हता. आईने पहिल्याच ओळीत नाव, वय आणि 'येणार' एवढे लिहिले. वही घरोघर जाऊन तीन आठवड्यांनी परत आली. पुण्यात नकार द्यायला कोणी लाजत नाही, असा समज आहे. सवलतीचे नाव निघाले की तो खोटा ठरतो. कोणी नाही म्हटले नव्हते, आईखेरीज कोणी हो म्हटले नव्हते, आणि प्रत्येकाने आपली जागा मात्र धरून ठेवली होती. 'खालचा बर्थ मिळाल्यास.' 'सवलत नेमकी किती ते कळवावे, मग विचार करू.' 'समोर घोरणारे नसल्यास.' 'सपत्नीक, पत्नीला अद्याप विचारलेले नाही.'

सेक्रेटरींनी टंकलिखित अर्ज तयार केला आणि त्याला वहीच्या पानांची झेरॉक्स जोडली. मूळ यादी जोडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, या नियमावर त्यांनी सारी नोकरी काढली होती. माझ्या सुट्टीच्या दिवशी ते, आई आणि मी पुणे स्टेशनच्या आरक्षण केंद्रात गेलो. मोठ्या समूहाचे अर्ज पाहणाऱ्या बाईंनी झेरॉक्स शेवटपर्यंत वाचली.

"काका, ही प्रवाशांची यादी आहे की सूचनापेटी?"

"शेरे आहेत ते. सदस्यांचे."

"शेऱ्यांना बर्थ देता येत नाही. नक्की येणारे किती?"

सेक्रेटरींनी प्रश्न ऐकलाच नाही असे दाखवून सवलतीचे विचारले.

"सवलत नाही. ग्रुपला एका अर्जावर जागा मागता येतात, तेवढंच. भाडं सगळ्यांना पूर्ण."

"बरं. पण खालचे बर्थ तरी? सगळे ज्येष्ठ आहेत."

"एकटे किंवा दोघं असाल तर ज्येष्ठ म्हणून खालचा मिळू शकतो. दोनाच्या वर गेलात की तो नियम लागत नाही. मिळेल तो बर्थ."

"म्हणजे आम्ही एकत्र आलो म्हणून आमचे खालचे बर्थ गेले?"

"हो."

सेक्रेटरींनी अर्ज परत घेतला, घडी घातली आणि जाहीर केले की रेल्वेला निवेदन देण्यात येईल; उत्तर येईपर्यंत सहल स्थगित. आई तोवर शेजारच्या टेबलावरचा कोरा फॉर्म घेऊन भरू लागली होती.

"सिस्टर, यादीत पहिलं नाव आपलं आहे," सेक्रेटरी म्हणाले. "तेच गळलं तर मी सदस्यांना काय तोंड दाखवू?"

"अहो, या यादीत येणारी मी एकटीच आहे. बाकीचे विचार करतायत. त्यांना करू दे."

"आणि एकट्या जाणार? सोबत?"

आईने माझ्याकडे पाहिले नाही. "सोबत असली की वरचा बर्थ मिळतो म्हणे," ती म्हणाली आणि रांगेत उभी राहिली. खिडकीवर तिला खालचा बर्थ मिळाला, पूर्ण भाड्यात.

पुढच्या पंधरवड्यात वही पुन्हा फिरली, यावेळी निवेदनावर सह्यांसाठी. आमच्या दारी आली तेव्हा मी चाळली. एका सदस्यांनी लिहिले होते, 'भाषा सौम्य ठेवल्यास.' त्यांच्या खालच्यांनी, 'भाषा कडक केल्यास.' आई घरी नव्हती. आदल्या संध्याकाळी मी तिला गाडीत बसवून आले होते. रजा मी मागितली नव्हती, आणि तिनेही तो विषय काढला नव्हता.

वही हातात असतानाच तिचा फोन आला.

"पोचलीस?"

"पोचले. ताईने दार उघडलं आणि पहिलं काय बोलली माहितेय? 'केस रंगवायचे सोडलेस का गं? म्हातारी दिसतेस.'"

मी वही मिटली.

"दिसतंय तिला अजून," आई म्हणाली आणि फोन ठेवला.